बेचक्यातलं औषध

चिखली, ५ जुलै २०२५

आशावहिनी,

पत्राची सुरुवात 'पाया पडते' अशी करावी की नुसतं 'नमस्कार' म्हणावं, यावर माझे तीन कागद फाडून झाले. चार वर्षांपूर्वी तू मला म्हणाली होतीस, "माह्या पायाले हात लावू नको." त्यानंतर पाया पडते असं कोणत्या तोंडानं लिहू? म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मी संजीवनी, तुझी एकुलती एक नणंद. हे पत्र डिंपलच्या दप्तरातून आलंय, तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला गळ घातली. आमच्या कॉलेजात डी. फार्मसीला आल्यापासून तुझी लेक वर्गात मला मॅडम म्हणते आणि व्हरांड्यात आत्या, त्यामुळे तिचा निरोप्या म्हणून चांगला उपयोग होतो.

फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

मी सध्या चिखल्यांवर औषध करतेय. हसू नकोस. पाऊस लागला की आपल्या भागात अर्ध्या गावाच्या पायाच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फाटतात, रात्रंदिवस खाजतात, हे मी तुला काय सांगायचं? मेथी-पालकाच्या वाफ्यात चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, हा आपल्या घरचा नियम. दांडानं वाफ्यात पाणी सोडलं की दोन-दोन तास चिखलात उभं राहायचं, हा भाजीवाल्यांचा धर्म. बाजारातलं मलम त्या चिखलात पंधरा मिनिटं टिकत नाही. आमच्या जेलमधलं औषध जुनंच आहे, डॉक्टर देतात तेच. नवं आहे ते त्याचं अंग. लावलं की वीस मिनिटांत त्याचा पातळ पापुद्रा होतो आणि मग पाण्यात उभं राहिलं तरी तो सुटत नाही. निदान काचेच्या भांड्यात तरी सुटत नाही. आता माणसांच्या पायांवर पाहायचंय. एथिक्स कमिटीची मंजुरी आली, त्वचेचे डॉक्टर बरोबर आहेत, तीन गावं घेतली आहेत. आपलं उंद्री घेतलं नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

जोडव्यांचं बोलूनच टाकते. माफी मी मागितली नाही, कारण मला तेव्हा वाटत होतं आणि अजूनही वाटतं की ती कापली नसती तर तुझं बोट गेलं असतं. पाय एवढा सुजला होता की चांदी मांसात रुतली होती. तू "थांब, ह्यायले येऊ दे" म्हणत होतीस आणि मी पक्कड लावली. तिसऱ्या दिवशी दादाची गाडी मलकापूरच्या रस्त्यावर घसरली, मांडीत सळई बसली आणि लोकांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. बाईच्या पायातली चांदी निघाली, नवऱ्याचा पाय मोडला. मी विज्ञान शिकवणारी बाई, मी हे कसं मान्य करू?

डिंपल सांगते, तू अजून बेचक्यात मेंदी भरतेस. मी काही पाठवत नाहीये. तुला ट्यूब पाठवायची माझी हौस फिटलीय. फक्त एकदा आमच्या डॉक्टरांना पाय दाखव, एवढंच.

संजू


चिखली, २६ जुलै २०२५

आशावहिनी,

पत्राचं उत्तर आलं नाही, पण डिंपलच्या पिशवीत मेथीची जुडी आली. ती आईनं दिली की तू, हे ती पोरगी सांगायला तयार नाही. मी तुझीच समजून खाल्ली. तुझी नसेल तर तसं कळव, म्हणजे तेवढंच एक उत्तर येईल.

इकडे काय चाललंय ते ऐक. जेल माणसांना देण्याआधी स्वतःच्या पायावर बघावं, म्हणून मी आणि शेखर सरांनी (ते आमच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात) कॉलेजच्या मागे दोन टबांत काळी माती कालवली आणि पायजमे वर करून दोन तास त्यात उभे राहिलो. प्राचार्य पाहुण्यांना कॉलेज दाखवत नेमके तिथे आले. शेखर सर म्हणाले, "सर, संशोधन सुरू आहे." प्राचार्य म्हणाले, "दिसतंय." पण पाय धुतल्यावर पापुद्रा जिथल्या तिथे होता, वहिनी. मी टबातच उडी मारली असती.

गेल्या आठवड्यात चाळीस माणसं घेतली, बावीस बाप्ये आणि अठरा बाया. प्रत्येकाच्या बेचक्यातली त्वचा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले, त्यांनाच घेतलं. जेल कसं लावायचं हे मी प्रत्येक गावात स्वतः समजावलं. पाय धुवा, फडक्यानं टिपा, जोडवी-मासोळ्या काढा, बेचक्यात लावा, वीस मिनिटं पाय वर करून बसा. बायांना विचारलं, जमेल ना? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हाव मॅडम."

मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, नीट समजावून सांगितलं की ऐकतात लोक. हे तुला मुद्दाम लिहितेय, हेही तुझ्या लक्षात आलं असेल.

संजू


चिखली, १६ ऑगस्ट २०२५

आशावहिनी,

तोंडघशी पडले.

चार आठवडे झाले. बावीस बाप्यांपैकी एकोणीस जणांचे पाय साफ झाले. अठरा बायांपैकी पाच. तेरा जणींच्या बेचक्या जशाच्या तशा, दोघींच्या तर जास्तच फाटलेल्या. औषध तेच, चिखल तोच, डॉक्टर तेच.

शेखर सर शांतपणे म्हणाले, "बायांचे आकडे वेगळे काढू. पुरुषांपुरता निकाल चांगला आहे, तेवढाच कमिटीपुढे ठेवू." मी म्हटलं, सर, भाजीच्या वाफ्यात दिवसभर वाकलेलं कोण असतं? खुरपायला कोण, जुड्या धुवायला कोण? बाप्ये दांड फोडून झाडाखाली जाऊन बसतात. ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच लागू पडत नसेल तर हे जेल टबात उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकांना विका. आवाज जरा चढला माझा. पण सरांचंही चूक नव्हतं. वीस सप्टेंबरला कमिटी बसणार, आणि असे आकडे दाखवले तर काम तिथेच थांबणार.

मग मी बऱ्या झालेल्या पाच जणींचे कागद पुढे घेऊन बसले. वय वेगळं, गाव वेगळं, शेत वेगळं. आणि एकदम दिसलं. पाचांतल्या तिघी विधवा आहेत आणि दोघी बिनलग्नाच्या. माझ्यासारख्या. पाचही जणींच्या पायात जोडवी नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुष्पांजलीबाईंच्या घरी गेले, त्या तेरांतल्या एक. त्यांना म्हटलं, माझ्यासमोर लावून दाखवा. त्यांनी पाय धुतले, टिपले आणि जोडव्याच्या भोवती, मासोळीच्या कडेनं, अगदी कौतुकानं जेल फिरवलं. चांदीच्या खाली पाणी साठलेलं होतं. तिथे पापुद्रा धरणार कसा?

"बाई, काढायला सांगितलं होतं ना? तुम्ही हो म्हणाला होतात."

त्या खाली बघत म्हणाल्या, "तुमी एवढ्या दुरून येता मॅडम, तुमच्या तोंडावर नाई कसं म्हनाव? आन जोडवे काढाचे म्हंजे... तुमाले नाई समजाचं ते."

राग आला नाही, वहिनी. लाज वाटली. चार वर्षांपूर्वी ज्या गोष्टीपायी माझं उंद्रीचं घर तुटलं, तीच गोष्ट मी अठरा बायांना एका ओळीत सांगून मोकळी झाले होते. पाय धुवा, टिपा, जोडवी काढा. जणू रुमाल काढायचा आहे.

आता काय करू, मला सुचत नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती या पत्रात लिहवत नाही.

संजू


चिखली, २३ ऑगस्ट २०२५

वहिनी,

काल पोळा झाला. तुमच्याकडे बैल सजले असतील, दादानं लंगडत का होईना पण स्वतः शिंगं रंगवली असतील. मी खोलीवर बसून हे पत्र मनात लिहीत होते. आज कागदावर उतरवते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

पाय जोडव्यांमुळे सुजला नव्हता. चिखलामुळेही नाही. माझ्यामुळे सुजला.

तू फोनवर म्हणाली होतीस, "संजू, बेचक्यात लई खाजून राह्यलं." मी परीक्षेच्या कामात होते. पाय बघायला यायचं तर चिखलीहून उंद्री ते किती दूर? पण मी आले नाही. दुकानातून एक ट्यूब घेतली आणि दादाच्या हाती दिली. तीन औषधं एकत्र असलेली ती ट्यूब. त्यात स्टिरॉइड असतं. त्यानं खाज त्याच दिवशी थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. हे मला ठाऊक होतं. मी मुलांना शिकवते हे. वाटलं, चार दिवस लावील, तेवढ्यानं काय होतंय. तू सात महिने लावलीस. प्रत्येक वेळी ट्यूब मी पाठवली. "तुह्या ट्यूबनं जादू केली," म्हणायचीस आणि मी फुशारून जायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पायाला काय लावत होत्या?" तू काही बोलायच्या आत मीच पुढे झाले आणि म्हणाले, "घरगुती काहीतरी. मेंदी."

ते एक वाक्य मी चार वर्षं गिळून बसलेय. लोकांनी जोडव्यांकडे बोट दाखवलं आणि मला सोयीचं झालं. अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडलं की आपला दोष आपोआप झाकतो. पहिल्या पत्रातसुद्धा मी तेच केलं, परत वाचून बघ.

हे जेल मी कुणासाठी करतेय ते आता तुला कळलं असेल. कमिटीच्या कागदावर 'शेतमजूर व भाजी उत्पादक' असं लिहिलंय. माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून एकच पाय आहे.

माफ कर, असं म्हणायचं धाडस होत नाही. फक्त खरं कळवलं.

संजू


उंद्री, ४ सप्टेंबर २०२५

संजूस,

म्हालक्ष्म्या परवा उठल्या, आता हात रिकामा झाला. मी नववी शिकलेली, चुका निघतीन, त्या डिंपलले दाखवजो नको, थे हासते.

तुह्ये चारी पत्रं वाचले. मेथी मीनंच देल्ली होती.

ट्यूबचं मले माहीत होतं. डिंपल तुह्या कालेजात गेली त्याच साली तिनं पेटीतली जुनी ट्यूब काढली, बारीक अक्षरं वाचले आन म्हणे, मम्मी, हे तर आत्या लावू नका म्हणून शिकवते. आन मेंदीचं म्हणशील तर मी खाटेवर होती, बहिरी नोती. माह्या कानानं ऐकलं. ह्यायची गाडी खड्ड्यानं घसरली, एवढं मलेबी समजते. लोकं काई म्हणोत, मी जोडव्यायले दोष देल्ला नाई. तुह्या दादाले विचार. मले राग याचा होता का तू खोटं बोलली, आन याचा का मी थांब थांब म्हणत होती आन तू थांबली नाई. दोन मिनिटं थांबली असती तर मीच म्हणली असती, काप. कापाले माही ना नोती. मले विचाराले पायजे होतं.

चार वर्सं मी बेचक्यात मेंदीच भरली. म्हणलं, नणंदबाई बोलल्या तसं करून दाखवू. तुहं खोटं मी खरं करून टाकलं. पाय काई बरा झाला नाई, पण रंगला मस्त.

आता कामाचं आयक. तू बायायले जोडवे काढा म्हणते हेच तुहं चुकते. पाय उघडा कोण ठेवीन? तुही आई म्हणते, तिच्या आजीच्या पायात अंगठ्यात चांदी असे, त्याले अनवट म्हणत. म्हंजे अंगठ्यातबी चालते, आन त्याचं बेचकं रुंद, पाणी साचत नाई. मंग मी पेटी उघडली. तू कापलेले जोडवे मी ठेवले होते. फेकाची हिंमत झाली नाई आन घालाची इच्छा झाली नाई. पक्कडीनं कापल्यानं त्यायचं तोंड उघडं झालं हाये. अंगठ्यात बरोबर बसले. टोकं टोचत होते, ते ह्यायनं कानशीनं घासून देल्ले. आधी अंगठ्यात हे घातले, मंग बोटातले नवे काढले. पाय एक घडीबी उघडा नाई राह्यला. तुह्या आईनं पाह्यलं आन म्हणे, झालं, याच्यात काई वावगं नाई.

तुह्या तेरा बायायले असं सांग. ज्यायचे जोडवे उघड्या तोंडाचे हायेत त्यायनं तेच आधी अंगठ्यात सरकवाचे, तवर मासोळ्या राहू द्याच्या, त्या मंग काढाच्या. बंद असतीन तर सोनार पाच मिनिटांत तोंड करून देते. तू सांगशील तर हाव म्हणतीन आन करतीन नाई. मी येतो तुह्यासंगं. कोणत्या दिवशी येऊ थे कळव.

माह्या पायाचं मंग पाहू.

आशा


चिखली, १८ ऑक्टोबर २०२५

आशावहिनी,

तुझ्या पत्रानंतर आपण तिन्ही गावं फिरलो, तेव्हा लिहायचं काही उरलं नव्हतं. तू ओट्यावर बसून बायांना पाय दाखवत होतीस आणि मी मागे जेलच्या डब्या धरून उभी होते. पुष्पांजलीबाई मला म्हणाल्या, "मॅडम, ह्या बाई तुमच्या कोन?" मी म्हटलं, वहिनी. त्या म्हणाल्या, "मंग ह्यायलेच आंधी काऊन नाई आनलं?"

वीस सप्टेंबरला कमिटीपुढे मी सगळे आकडे ठेवले. अठरांतल्या पाच, तेही लपवलं नाही. तेरा जणींच्या पायात जोडवी होती आणि ती काढणं त्यांना किती जड जातं हे आम्ही विचारातच घेतलं नव्हतं, हे सांगितलं. एक वयस्कर डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "आमच्या घरात तीन बाया आहेत. माझ्याही कधी डोक्यात आलं नाही." चार आठवडे वाढवून मिळाले. शेखर सरांनी स्वतःच्या हातानं सूचनांचा नवा कागद लिहिला. पहिली ओळ: आधी अंगठ्यात घाला, मग बोटातली काढा.

आज निकाल आला. तेरांतली एक सोडून गेली, तिच्या सासूला अंगठ्यातली चांदी पटली नाही. तिला दोष देत नाही, पुढच्या खेपेला तू सासूकडेच आधी जाशील. उरलेल्या बारांतल्या दहा जणी साफ. दोघींचं अजून बघतोय. औषध म्हणून दुकानात यायला अजून खूप माणसं, खूप वर्षं लागतील, पण जेल लागू पडतं, वहिनी. बायांच्या पायांना लागू पडतं.

आता तुझ्या पायाचं. शेवटच्या गावाहून परतल्यावर तू डॉक्टरांसमोर कागदावर सही केलीस, एकेचाळीसावी म्हणून. मग माझ्यासमोरच्या स्टुलावर बसलीस, पाय माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "लाव आता हात." मी ब्लेड हातात घेतलं होतं. दुखेल थोडं, खरवडू का, असं विचारलं आणि थांबले. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. शेखर सरांनी दोनदा खाकरलं. तू मुद्दाम लांबवत होतीस, मला समजत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला घाई नव्हती. मी तशीच बसून राहिले. मग तू म्हणालीस, "हं. घे."

पाच आठवड्यांनी, काल, तोच खरवडा परत घेतला. काचपट्टी मी बघितली नाही. तुझ्या लेकीला सूक्ष्मदर्शकाला बसवलं. तिनं इकडून तिकडे, वरून खाली, इतका वेळ घेतला की मलाच धीर धरवेना. शेवटी मान वर करून, वर्ग भरलेला असताना, मॅडम म्हणायचं विसरून ती म्हणाली, "आत्या, एकबी धागा नाई."

जोडवी बोटात परत घाल. पण अंगठ्यातली काढू नकोस, दादानं घासून दिलेली आहेत ती.

भाऊबीजेला येतेय. दादाला सांग, चार वर्षांचं ओवाळणं एकदम करणार आहे, पाट चार वेळा मांडायला लावीन. आईला सांग, मला जेवायला मेथीच हवी.

हे पत्र एकाच कागदावर झालं, एकही फाडला नाही.

पाया पडते,
संजू